मागच्या सीटवरचे गायकवाड सर

गायकवाड सर गाडीत मागे बसायचे आणि बसल्या बसल्या डोळे मिटायचे. बूट काढलेले, तळपाय खाली सपाट टेकवलेले. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा झोपला. पाच मिनिटांनी मागून आवाज यायचा, "पुढचं उजवं चाक. हवा कमी आहे." उतरून मोजावं तर खरंच कमी असायची.

लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले सर विश्रांतवाडीहून रोज आमच्या शोरूममध्ये यायचे आणि आम्हा ड्रायव्हरांना शिकवायचे. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथल्या साहेबांना उंच, महागड्या एसयूव्ही हव्या होत्या. मी भंडाऱ्याकडचा, नववीत शाळा सोडलेला, टेम्पो चालवणारा. नोकरी मागायला गेलो तर बाकी सगळ्यांनी शाळेचा दाखला मागितला. सरांनी किल्ली पुढे केली. "दाखला गाडी चालवत नाही. बसा."

पहिल्याच वळणावर म्हणाले, "आपण गाडी चालवता की म्हैस हाकता?"

"चुकलं जी."

"जी नंतर. ब्रेक आधी."

हसायची सोय नव्हती. पण सर माझ्यामागे तीन महिने बसले. गावाकडे बायको आणि आई होती, ही नोकरी गेली तर परत कुठल्या तोंडाने जायचं, या धास्तीत मी स्टिअरिंग घट्ट आवळायचो. सर म्हणायचे, "हात ढिले ठेवा. गाडी पळून जात नाही."

त्यांचं म्हणणं एकच. "चिखलात कुठलीही उंच गाडी मिरवेल. हिची परीक्षा डांबरावर. एवढा उंच देह वळणावर झुकला नाही, मागच्या बाईच्या मांडीवरचा डबा सरकला नाही, तर ती भारी गाडी. इंजिन, स्प्रिंगा सगळं कंपनीनं दिलंय. रस्त्याला टेकतात ते मात्र टायरांचे चार तळहात. त्यांची काळजी आपली." म्हणून रोज सकाळी गार टायरांची हवा ते स्वतः मोजायचे आणि वहीत सही करायचे.

एक दिवस हिंजवडीचे एक साहेब गाडी बघायला येणार होते. जुन्या गाडीत खड्डे फार लागतात, ही त्यांची तक्रार. सरांची सही झाल्यावर मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "चारही टायरची हवा उतरव. गादीसारखी लागली पाहिजे. आणि म्हाताऱ्याला सांगू नकोस, नाहीतर उद्यापासून टेम्पो आहेच." मी उतरवली. हवा कमी झाल्याचा दिवा तेव्हा गाडीत लागत नसे.

साहेब चालवत होते, मी शेजारी, सर मागे. खड्ड्यांवर गाडी तरंगत गेली. साहेब खूश. हायवेला लागण्याआधी सरांनी डोळे उघडले.

"गाडी मऊ लागतेय. सकाळनंतर कोणी हात लावला का?"

आरशात ते माझ्याकडेच बघत होते. मॅनेजर तिथे नव्हता. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

"नाही जी," मी म्हणालो.

सरांनी डोळे मिटले. पुढच्या वळणावर साहेबांनी वेग घेतला, गाडी एका अंगावर कलली, मागून सरकली आणि दुभाजकाला मागच्या दाराने आदळली. त्या दाराशी सर होते. साहेबांना खरचटलंही नाही. सरांचा गुडघा कायमचा गेला.

चौकशीत मॅनेजरने वही उघडली. "सही कोणाची?"

सर कुबड्यांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "माझी," म्हणाले. त्याच दिवशी त्यांना काढलं. माझी नोकरी राहिली. त्या पगारावर माझी बायको पुण्यात आली, पोरं इथल्या शाळेत गेली.

वर्षभराने धीर करून विश्रांतवाडीला गेलो. सरांनी चहा सांगितला. मी सगळं कबूल केलं.

"हवा तुम्हीच उतरवलीत हे मी हॉस्पिटलात पडल्या पडल्याच ताडलं. मॅनेजरला घाबरलात, ठीक आहे, पोट सगळ्यांना आहे. म्हणून तर बोललो नाही." गुडघ्यावरची चादर त्यांनी सारखी केली. "पण गाडीत मी विचारलं होतं. दुसऱ्यांदा डोळे मिटले ते तुमच्या शब्दावर."

मग म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय."

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्या ड्रायव्हरांना आता मी शिकवतो. बूट काढतो, मागच्या सीटवर बसतो, तळपाय सपाट टेकवतो. डोळे मात्र मला मिटता येत नाहीत.