एक बंब आणि सतरावं कलम

नगरपालिकेच्या हेडक्लार्कना सगळे जरतरराव म्हणत. शेजारणीला डबा द्यायचा म्हटलं तरी ते बायकोला विचारत, "झाकण हरवलं तर भरून कोण देणार?" बायको "मी" म्हणे आणि विषय मिटे.

अशा माणसाच्या हाती शेजारच्या नगरपालिकेशी करायचा करार आला. दोन गावांत मिळून आगीचा एकच बंब, उभा राहणार वेशीवरच्या शेडमध्ये. दोन्हीकडे एकदम आग लागली तर? टायर फुटला तर? जरतररावांनी बेचाळीस कलमं पाडली. पलीकडचे हेडक्लार्क म्हणजे त्यांचे थोरले साडू. ते सतराव्या कलमाला अडले. बंबाची जादा किल्ली पेटीत, पेटीला दोन कुलपं, दोघांकडे एकेक चावी.

"घरच्या माणसावर एवढा अविश्वास?"

"तसं नाही, साडूभाऊ. उद्या आपण दोघं खुर्चीवर नसू, कागद असेल."

साडूभाऊंनी मसुदा मान्य केला, पण तोंड फुगवून.

चाचणीला दोन्ही नगराध्यक्ष घड्याळ लावून उभे राहिले. दहा मिनिटांत बंब निघाला तरच सह्या, नाहीतर तो तिसऱ्याच गावाला जाणार होता. भोंगा वाजला. पाळी साडूंच्या गावच्या ड्रायव्हरची, आणि तो किल्ली खिशात घालून दाढीला गेलेला. जरतरराव मनातून खूश झाले. सतरावं कलम होतं ते याचसाठी. ऐटीत आपलं कुलूप उघडून त्यांनी साडूंकडे पाहिलं.

"माझी चावी घरी राहिली," साडूभाऊ म्हणाले. "एवढा विचार केलात, मी रुसेन याचं कलम नाही घातलंत?"

तेविसाव्या मिनिटाला ड्रायव्हर गालावरच्या साबणासकट धावत आला. नगराध्यक्ष निघालेच होते. गेल्या उन्हाळ्यात गावातली लाकडाची वखार बंबाची वाट बघत तासभर जळली होती.

"साहेब, अजून एकदाच," म्हणत जरतररावांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचं कलम खोडलं. मग स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकला आणि ड्रायव्हरजवळची किल्ली त्याला अडकवली. स्टूल साडूभाऊंनी धरलं, न सांगता.

ड्रायव्हरला उरलेली दाढी करायला पाठवलं. पुन्हा भोंगा वाजला, जरतररावांच्या गावचा ड्रायव्हर खिळ्यावरची किल्ली घेऊन चढला आणि बंब चार मिनिटांत बाहेर. सह्या झाल्या.

जरतररावांनी पुन्हा पेन उघडलं. "आणि खिळा निघाला तर..."

साडूभाऊंनी पेन काढून घेतलं. "तर मी हातोडी घेऊन येईन. लिहून देऊ?"

"द्या," जरतरराव म्हणाले.