मॅडमची चाळीस मिनिटं

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही रसायनशास्त्राचे अकराजण होतो. विरारच्या आमच्या कॉलेजात निरोपसमारंभ मोठ्या हॉलमध्ये व्हायचा. भाषणं, समोसे, फोटो, सगळं असायचं. पण आमच्या मॅडमचा भाषणांवर विश्वास नव्हता. "माईकवरून दिलेला सल्ला कुणालाच लागत नाही," म्हणायच्या. समारंभ आटोपला की त्या लॅबशेजारच्या आपल्या खोलीत बसायच्या आणि एकेकाला आत बोलवायच्या. तिथे त्या काय सांगतात, याच्या गोष्टी आधीच्या बॅचकडून आम्ही तीन वर्षं ऐकल्या होत्या.

माझा नंबर तिसरा होता. वर्गात मी पहिली यायचे, त्यामुळे मला काहीतरी खास ऐकायला मिळणार याची खात्रीच होती. मी खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. मॅडम म्हणाल्या, "तुझी मला काळजी नाही. अक्षर तेवढं सुधार. जा, पुढच्याला पाठव."

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

सगळ्यात शेवटी माझी मैत्रीण आत गेली. ती अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली, मी आगाशीची. तीन वर्षं आम्ही एकाच बसने कॉलेजला गेलो-आलो. माझी जर्नल्स बघून ती आपली पूर्ण करायची, परीक्षेआधी मीच तिला समीकरणं शिकवायचे. मी बाहेर बाकावर तिची वाट बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाकीचे निघून गेले. शिपाईकाका लॅबची कुलपं लावून गेले. मधेच मॅडमचा आवाज चढला, मग बराच वेळ काही ऐकूच येईना. भिंतीवरच्या घड्याळात मी चाळीस मिनिटं मोजली.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय नाय गं. सांगीन नंतर."

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. तिने एकदा माझ्या हातावर हात ठेवला, तो मी पर्समध्ये सुटे शोधायच्या निमित्ताने काढून घेतला. आगाशीला उतरताना तिला "येते" असंही म्हटलं नाही.

घरी बाबा वाडीत केळींना पाणी सोडत होते. "काय म्हणाल्या तुझ्या मॅडम?" त्यांनी लगेच विचारलं. आणि मी चक्क खोटं बोलले. म्हटलं, बराच वेळ बोलल्या. म्हणाल्या, तू संशोधनात जा, तुझ्यासारखी मुलगी दहा वर्षांत बघितली नाही. बाबांनी ते त्याच आठवड्यात काकांना, आत्याला आणि देवळाच्या पुजाऱ्यांना सांगितलं. लोक माझं कौतुक करत, आणि प्रत्येक कौतुकागणिक मला माझ्या मैत्रिणीचा जास्त राग येई. जे मी बनवून सांगत होते ते तिला खरोखरच ऐकायला मिळालं असणार, असं मी धरूनच चालले होते.

जूनमध्ये तिचा फोन आला. एम.एस्सी.चे फॉर्म सुटले का, कधी भरायचे, हे ती विचारत होती. माझ्यासमोर फॉर्म उघडाच होता. मी अर्धा भरलाही होता.

"अजून काही आलेलं नाही," मी म्हटलं. "आलं की कळवते."

मी कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी, मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी तिचाच फोन. मॅडमनी फोन करून सांगितलं, आत्ताच सायबरमध्ये जाऊन भरला, तूही लगेच भर, नाहीतर राहून जाईल! तिचा श्वास लागला होता. माझी काळजी करत होती ती. मला मात्र त्यातलं एकच ऐकू आलं, मॅडम तिला फोन करतात.

दोघींनाही प्रवेश मिळाला. तिने विद्यापीठ घेतलं, मी जवळचं कॉलेज. पुढे ती बोईसरला औषधाच्या कंपनीत तपासणी विभागात लागली, मी वसईत ज्युनियर कॉलेजला शिकवू लागले. वाढदिवसाला मेसेज, कुणाच्या लग्नात भेट, एवढंच उरलं. ते तेवढंच उरावं अशी व्यवस्था मीच केली होती.

या जानेवारीत बारावीच्या निरोपाला मला बोलायला सांगितलं. दोन संध्याकाळी कागद घेऊन बसले, एक ओळ सुचेना. लिहायला गेलं की मॅडमचं ते बंद दार आठवे. रविवारी मैत्रीण माहेरी आल्याचं कळलं, तशी मी उठून अर्नाळ्याला गेले. ती आईबरोबर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. इकडचं-तिकडचं बोलून झालं, आई घरात गेली, आणि मी विचारून टाकलं. त्या दिवशी मॅडमनी तुला काय सल्ला दिला?

"सल्ला?" तिने तोंडात तोंड अडकवून बोंबलांच्या जोड्या लावणं थांबवलं नाही. "सल्ला कुठला. घरी माझं लग्न ठरवत होते, शिक्षण बंद म्हणून सांगितलेलं. ते मी मॅडमजवळ बोलले. त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. आई बाजारात, गिऱ्हाईक सोडून भांडतेय, मॅडम इकडून भांडतायत. आईने चारदा फोन कापला. चारदा त्यांनी लावला. मी नुसती रडत बसलेली. शेवटी आई म्हणाली, यंदा पुढे प्रवेश मिळाला तरच लग्न थांबवते."

मग मी जूनमधल्या त्या फॉर्मचं सांगितलं. सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले. "मला वाटलं, तुला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "फॉर्म राहिला असता ना, तर लग्नच लागलं असतं माझं."

मी "चुकलं माझं" म्हटलं. तिने मान हलवली, पण त्याचा अर्थ मला लावता आला नाही. आम्ही दोघींनी मिळून टोपलीतले उरलेले बोंबील मांडवावर घातले.

निघताना तिच्या आईने सुक्या जवळ्याची पिशवी हातात दिली. "थांब पोरी, पानी तरी पी," म्हणाली. "तुमच्या मॅडम येतील पुढच्या आयतवारी. दरसाल येतात पापलेट खायाला. तेव्हा किती भांडलेली मी त्यांच्याशी! आता बहीण मानतात मला. तू पन ये."

मी येते म्हटलं आणि बसस्टॉपवर आले. आपण काय केलं होतं ते आता पुरतं कळलेलं होतं, त्याची लाजही वाटत होती. तरीही बस येईपर्यंत मी हिशेब करत राहिले, मॅडम दरसाल यांच्याकडे येतात, म्हणजे आगाशीवरूनच जातात. आमच्या वाडीचं फाटक तर रस्त्यावरून दिसतं, तरी एकदाही आत आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी गेले नाही.