दुसरा चमचा

आमच्या बाईसाहेबांची जीभ तिखट आहे, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या जिभेच्या जोरावर पदवीही मिळवता येते, हे त्यांनी एम.फार्म.ला प्रवेश घेतला तेव्हा कळलं. मी विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस. तांब्याची तार आणि वार्निश यापलीकडे माझी अक्कल जात नाही. पण बायको शिकतेय म्हटल्यावर पोरीची वेणी घालायला शिकलो. वाकडी येते, ते सोडा.

हिचा विषय होता लहान मुलांचं लोहाचं औषध. रक्त कमी असलं की ते देतात, आणि पोरं ते आईच्या अंगावर थुंकतात. चवच तशी, गंजका खिळा चोखल्यासारखी. ती झाकायची, म्हणजे मूल आपणहून तोंड उघडेल. ही त्याच्यामागे हात धुऊन लागली होती. प्रयोगशाळेत माणसं बसायची, घोट तोंडात घोळवून थुंकायची आणि गुण द्यायची. औषध तिथून बाहेर निघत नसे. घरी यायचं ते नुसतं गोड पाणी. गोडी किती, वास कसला, हे बाईसाहेब संध्याकाळी चाखत बसायच्या. एका औषध कंपनीनं खर्च उचलला होता, आणि पदवी हातात पडली की नोकरीही देणार होती. घर मार्गी लागणार होतं.

शेवटी जमलं. चाखणाऱ्या सगळ्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

त्याच आठवड्यात एका दुपारी बघतो तर आमची चिमणी, वय वर्षं चार, फ्रीज उघडून स्टुलावर उभी. हातात हिची बाटली, रिकामी.

"अजून दे," म्हणाली.

मी हिच्या नावानं ओरडलो. हिनं धावत येऊन बाटली हिसकावली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली, वास घेतला. "औषध नाहीये यात. नुसतं गोड पाणी," म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसली. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "घ्या! लेकीनं पहिला नंबर दिला तुम्हाला."

ही हसली नाही. "अहो, उद्या दुकानातल्या बाटलीत लोह असणार. एवढी बाटली पोटात गेली तर मूल हाती लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मीच हिला स्कूटरवरून हिच्या मार्गदर्शक सरांकडे सोडलं आणि दाराशी थांबलो. चव इतकी चांगली नको, बदलायला वेळ द्या, असं ती म्हणाली. सर चक्रावलेच. प्रबंध बांधायला टाकायचा तेवढा बाकी होता.

"अगं, चव झाकायची हाच तुझा विषय. झाकलीस. बाटली कुठे ठेवायची ते आईबापांनी बघावं."

"सर, मी फार्मसिस्ट आहे, आणि आईही मीच आहे," ही म्हणाली. "फ्रीजमध्ये मीच ठेवली होती."

शेवटी सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली, तीही नाखुशीनं.

घरी आल्यावर मी तणतणलो. कशाला हा उपद्व्याप? झाकण घट्ट करा म्हणावं कंपनीला! "तेही सांगितलंय," ती म्हणाली. "पण झाकण लावायचं राहतं हो माणसाकडून." कंपनीला थांबायला सवड नव्हती. नोकरी हिच्या वर्गातल्या एकाला मिळाली. त्याचा राग मला अजून येतो, खोटं कशाला बोलू?

मग घरात नुसता कडू कारभार. हिला असं काही हवं होतं की चमचा तोंडात गोड लागावा आणि गिळल्यावर मागून कडवट चव यावी. मुलानं थुंकायचं नाही, पण दुसरा चमचाही मागायचा नाही. कधी इतकं कडू व्हायचं की मी बेसिनकडे पळायचो, कधी अगदीच मिळमिळीत. "तुमची जीभ वार्निशनं मेलीय," असं म्हणून हिनं मला चाखायच्या कामावरून काढून टाकलं.

एका रविवारी हिनं चिमणीला एक चमचा दिला, औषधाशिवायचाच. पोरीनं मिटक्या मारत गिळला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. हळूहळू नाक मुरडलं, जीभ बाहेर आली.

"अजून हवंय?" हिनं विचारलं.

"शी! नको," म्हणाली चिमणी आणि खेळायला पळाली.

ही दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागली. बाटली आम्ही संध्याकाळपर्यंत टेबलावर तशीच उघडी ठेवली. चिमणीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.