यांच्या उंचीची गाडी

हे मी आजवर कुणापुढं बोलले नाही. बहिणीपुढं नाही, मुलीपुढं नाही, बस्तीत देवापुढं हात जोडून उभी असतानाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल. घरातल्या माणसाच्या तोंडाकडं बघून हे माझ्याच्यानं बोलवणार नाही.

गोष्ट तशी साधी. नवरा-बायको मोटरसायकल घ्यायला गेले. यात लपवण्यासारखं काय आहे? — बघा, मी अजूनही असंच म्हणतेय.

आमचे हे ताडमाड उंच आहेत. टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आत येताना त्यांची मान सवयीनंच खाली जाते. बसमध्ये गुडघे पुढच्या सीटला अडतात, चारचाकी घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती, म्हणून कुठं लांब जायचं तर मोटरसायकलच. आणि ते दर शनिवारी निपाणीला जायचे. ऑफिस सुटलं की थेट हायवे, रात्री मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. तिथं माझ्या सासूबाई एकट्या राहायच्या. सगळं घर त्यांना आक्का म्हणे. बेळगावला चला म्हटलं तर यायच्या नाहीत. त्यांची बस्ती, त्यांच्या शेजारणी, त्यांचं सगळं तिथंच.

आम्ही जैन. दिवस मावळला की आक्का तोंडात घास घालत नसत. शनिवारी हे उजेड असतानाच पोचायचे आणि मायलेक एकत्र जेवायला बसायचे. आठवडाभर एकटीनं जेवणाऱ्या बाईचं ते एक जेवण. मी स्वतः चिकोडीच्या जैन घरातली. यातलं मला काही ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

पण मला तो शनिवार सलायचा. आक्का मला कधी टोचून बोलल्या नाहीत — बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, राग धरायला निमित्त तरी मिळालं असतं. रविवारी हे परत आले की शीळ घालत जिना चढायचे. आक्कांनी काय केलं होतं, काय म्हणाल्या, हे मला रात्री अंथरुणावर पडेपर्यंत सांगायचे. इतके खूश ते माझ्यामुळं कधी दिसायचे? सरळच सांगते, मला मत्सर वाटायचा. एका म्हाताऱ्या बाईचा.

जुनी गाडी मोडीत निघाली तेव्हा आम्ही शोरूमला गेलो. तिथं एक उंच सीटची गाडी होती. हँडल सरळ, बसलं की पाठ ताठ, पाय मोकळे सुटलेले. हे तिच्यावर बसले आणि त्यांचा चेहराच बदलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठलीतरी वस्तू त्यांच्या मापाची निघाली होती. म्हणाले, "हिच्यावर तर दिल्लीबी गाठंन की गं."

आणि माझ्या मनात आलं — आता हे जन्मभर दर शनिवारी जाणार.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत त्यांनी मला एक सांगितलं होतं. शाळेत पोरं त्यांना उंट म्हणायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते जरासे गुडघे वाकवून उभे आहेत. हे फक्त मला माहीत होतं. आणि मी त्या शोरूममध्ये, विकणाऱ्या माणसासमोर, मोठ्यानं हसून म्हणाले, "अगं बाई! उंटावर उंट बसल्यागत दिसतंय!"

तो माणूसही हसला. हे गाडीवरनं उतरले, सीटवरनं एकदा हात फिरवला. शेजारी एक बसकी, चकचकीत गाडी होती — पाय मागं दुमडून, हँडलवर ओणवं होऊन चालवायची. तिच्यावर बसले, तर गुडघे कोपराला लागायला आले. मी म्हणाले, "हां, आता कसं माणसात आलात."

तीच घेतली.

चेष्टेत बोलून गेले, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं! साडी नेसून त्या उंच सीटवर मला चढता आलं नसतं, असंही सांगितलं. नाही. मी समजून-उमजून बोलले होते. कुठं दुखतं ते मला माहीत होतं, म्हणून तिथंच बोट ठेवलं.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. यांची कंबर धरायला लागली. हत्तरगीला थांबायचं, संकेश्वरला थांबायचं, तवंदी घाटाच्या आधी रस्त्याकडेला पाय सोडून बसायचं. निपाणीत पोचेपर्यंत अंधार. एका रविवारी आले ते शीळ न घालताच. "आक्का काल जेवलीच न्हाय," म्हणाले. "वाट बघत बसली आन् सूर्य गेला." माझ्यासाठी थांबू नको म्हणून त्यांनी किती सांगितलं, पण त्या थांबायच्याच. शेवटी आईनं वेळेत जेवावं म्हणून हे शुक्रवारीच फोन करायला लागले — "उद्या येत न्हाय गं, तू जेवून घे." आईला जेवायला मिळावं म्हणून आईकडं जायचं नाही! आणि मी? मला शनिवार मिळाले. हे पाठीखाली उशी घेऊन भिंतीकडं बघत पडलेले असायचे. मी शेजारी बसून असायचे.

अजून थांबता आलं असतं. संकेश्वरचा माझा चुलत दीर यांच्याएवढाच उंच आहे. एका लग्नात भेटला. हे पाठीमुळं आलेच नव्हते. म्हणाला, "वैनी, अण्णाला सांगा, हँडल वर उचलून घ्या आन् सीट भरून घ्या. माझीबी तसलीच गाडी हाय, आता लई आराम हाय." मी म्हणाले, सांगते. सांगितलं नाही. शोरूममधलं एका वेळचं असेल, पण हे? हे मी रोज उठून नव्यानं करत होते. दशलक्षण पर्व झालं की आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. त्या वर्षी आक्कांचीही मागितली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच हिवाळ्यात आक्का गेल्या. झोपेतच. हे कित्येक शनिवार गेले नव्हते.

सुतकात शेजारच्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "फोनवर व्हय व्हय म्हणायची. आन् तरी शनवारी दोन ताटं मांडून कट्ट्यावर बसायची. अंधार पडला की तशीच उपाशी उठायची. मी म्हटलं, पोरगं येत न्हाय म्हणालंय न्हवं? तर म्हणायची, आला तर?" मग म्हणाल्या, "अण्णाला सांगू नगंस. लागंल त्याला." मी सांगितलं नाही. त्यांना लागेल म्हणून, की माझं पाप बाहेर निघेल म्हणून?

परवा यांचा भाचा आला होता. बेंगळुरूला नोकरी करतो, मामाच्या वळणावर गेलाय, उंच. तिथून इकडं यायला कुठली गाडी बरी, असं विचारत होता. हे म्हणाले, "दिसण्यावर जाऊ नगंस. आधी बसून बघ, पाय मोकळं राहत्यात का, पाठ ताठ राहती का. मी दिसण्यावर गेलो आन् आईला उपाशी ठिवली." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझी मामी तर ती गाडी नगंच म्हणत होती. माझीच हौस."

मी तसं म्हटलं नव्हतं. शोरूममधलं माझं बोलणं ते विसरणारे नाहीत.

भाचा माझ्याकडं बघून हसला. मी कप उचलले आणि आत गेले.