साईंचं मंगळवारचं पॉलिश

चौथ्यांदा टायर घासला तरी फेस चहासारखा तपकिरीच येत होता. साईं खुर्चीवर बसून बघत होते आणि मी मनातल्या मनात चरफडत होतो. कारण ही घाण माझीच होती. तीन वर्षं दर मंगळवारी मीच थापलेली.

साईं म्हणजे उल्हासनगरचे एक सिंधी गृहस्थ; सिंधीत आदराने अशीच हाक मारतात. कापडाचं दुकान पुतण्याच्या हवाली करून मोकळे झालेले. अंबरनाथला माझं गाड्या चमकवायचं छोटंसं दुकान आहे. आधी मी एमआयडीसीत एका कंपनीच्या पेंट शॉपला होतो. रिटायर झालो, बायको गेली, घरात बसवेना, म्हणून हे सुरू केलं. साईं मंगळवारी अकराला यायचे, टायर काळे करून घ्यायचे आणि थर्मासमधला चहा दोघांत ओतायचे. मग दुपारपर्यंत गप्पा. आठवड्यात मी माणसाशी मनापासून बोलायचो ते तेवढंच.

आता धंद्यातली गोष्ट. स्वस्त टायर पॉलिश तेलकट असतं. लावलं की टायर चकाकतो, पण धूळ धरतो, गाडी पळाली की दरवाजावर ठिपके उडतात आणि दोन धुण्यांत चकाकी जाते, तेल मात्र रबरात मुरून राहतं. दुसरं असतं कोटिंग. ते सुकून घट्ट बसतं. बंपर आणि दारावरच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने पांढुरक्या पडतात, त्यांच्यावर ते वर्षभर टिकतं. टायरवर तीन-चार महिने, कारण टायर सतत दबत असतो. फक्त आधीचं तेल पार निघालं पाहिजे, नाहीतर कोटिंग धरतच नाही.

हे सगळं साईंना मीच सांगितलं. त्यांनी विचारलंही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"म्हणजे दर हप्त्याला यायला नको?" साईंनी विचारलं.

"कशाला यायचं? माझं काम पक्कं असतं," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. मग म्हणाले, "ठीक आहे, मास्टर. लावा."

सहाव्यांदा फेस पांढरा आला. गाडी कोरडी केली, टायरना आणि काळ्या प्लास्टिकला स्पंजने कोटिंगचा पातळ हात दिला, जास्तीचं पुसून घेतलं. एक दिवस पाणी लावू नका म्हणून बजावलं. काम झकास झालं होतं.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजले, बारा वाजले. त्याच्या पुढच्याही मंगळवारी तेच. दुसरी खुर्ची मी तरीही बाहेर काढायचो. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू? फोन करावा तर कारण काय सांगणार? दीड महिना कसाबसा काढला. मग एका मंगळवारी शटर ओढलं आणि साईंची बिल्डिंग गाठली. मनात एकच आशा होती, कोटिंग उडालेलं असावं.

साईं पार्किंगमध्ये फडकं घेऊन गाडी पुसत होते. शेजारच्या कट्ट्यावर थर्मास. मी बंपरवरून बोट फिरवलं. काळाभोर, कुठे डाग नाही. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्याच चांगल्या कामाचा राग आला.

"आला नाहीत ते?" मी विचारलं.

"काम नसताना तुमच्याकडे काय म्हणून येऊ, मास्टर?"

"कोटिंगची तपासणी लागते," मी म्हणालो. "दर मंगळवारी. अकराला."

असली काही तपासणी लागत नाही. साईंनाही ते कळलं असावं, कारण माझ्याकडे न बघताच त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. टिकाऊ माल गळ्यात मारण्याआधी गिऱ्हाईक आपल्याकडे कशाला येतं, ते बघून घ्यावं. पेंट शॉपमध्ये हे कुणी शिकवत नाही.