दाएँ म्हणजे डावे नव्हे

तिलवाऱ्याचा पूल आला की नागपूर-जबलपूर बसमधले लोक आपोआप गप्प होतात. खाली नर्मदा असते. कुणी हात जोडतं, कुणी खिडकीतून नाणं टाकतं, आणि पूल संपला की गप्पा जिथं सोडल्या होत्या तिथून पुन्हा सुरू होतात. मी नुसताच बघत बसलो होतो, तर शेजारच्या बाईंनी कोपरानं ढोसलं. "हाथ जोड़ लो भैया, मैया हैं." मी जोडले. हा पूल मी पस्तीस वर्षांनी ओलांडत होतो, तेव्हा कुणापुढं तरी हात जोडणं भागच होतं.

कोल्हापुरातून नागपूरपर्यंत रेल्वे आणि तिथून बस, एवढा खटाटोप मी एका फुटबॉल सामन्यासाठी करत होतो. आपल्याकडं याचं कुणाला नवल वाटणार नाही. सामन्याच्या दिवशी पेठेत लग्नाची तारीख धरत नाहीत, अशा गावचा मी. पण सामना साठीच्या आसपासच्या माजी खेळाडूंचा आहे म्हटल्यावर घरातून प्रश्न आला, "मैदानावर डॉक्टर असणार आहे ना?"

पंचविशीत सरकारी नोकरीनं मला जबलपूरला टाकलं. चार वर्षं होतो. राइट टाउनातल्या एका क्लबात गोलकीपर झालो, आणि सगळे मला नावाऐवजी 'कोल्हापूर' म्हणू लागले. कप्तान होता विनायक, विन्नू भैया. त्याचं घराणं मराठी, पण कैक पिढ्या जबलपुरात मुरलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मैदानावर मात्र तो फक्त माझ्याशी मराठीत ओरडायचा, आणि त्यामागं डोकं होतं. समोरच्या संघाला काही कळू नये. "डावे" म्हटलं की मी माझ्या डावीकडं, "उजवे" म्हटलं की उजवीकडं. ही युक्ती चार वर्षं छान चालली.

मग एक अंतिम सामना आला आणि शेवटच्या मिनिटाला आमच्यावर पेनल्टी. मारणारा नेहमी कुठल्या कोपऱ्यात मारतो ते विन्नूला ठाऊक होतं. मारणारा धावत सुटल्यावर विन्नू ओरडला. मी ऐकलं "डावे", आणि सगळं अंग डावीकडं झोकून दिलं. चेंडू उजवीकडून आत गेला. विन्नू माझ्यावर खेकसला की मी दाएँ म्हणालो होतो. हिंदीत दाएँ म्हणजे उजवीकडं. मी म्हणालो, माझ्याशी तू मैदानात कधी हिंदी बोललास? मला डावेच ऐकू आलं. तो म्हणाला, बहाणे बंद कर, तू घाबरलास. सगळ्या संघासमोर म्हणाला. तीन महिन्यांत माझी बदली झाली आणि त्याला न भेटताच मी गाव सोडलं. हरल्याचं दुःख पुढं विरून गेलं. मला खोटारडा ठरवल्याचं मात्र विरलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा, मंदावहिनींचा फोन आला. जुन्या कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. क्लबाची मंडळी अंध मुलांना फुटबॉल शिकवतात, त्या कामासाठी माजी खेळाडूंचा सामना ठेवला आहे. तिकीट नाही, येताना मुलांसाठी एक जोडी नवे बूट आणायचे. "भाऊजी, तुम्ही याच. यांना तुम्हीच पाहिजे." मी विचार करतो म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी बूट घेऊन आलो. विन्नूच्या तोंडून मला एक वाक्य ऐकायचं होतं, तू तेव्हा खरं बोलत होतास, एवढंच. साठी ओलांडलेल्या माणसानं एवढ्यासाठी दीड दिवस प्रवास करावा का, हे मला विचारू नका.

राइट टाउनात स्कूटरी फार वाढल्या आहेत, एवढं सोडलं तर रिक्षातून मला गल्ली ओळखू आली. विन्नू फाटकाशीच उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, उभं राहण्याची ढब तीच. "आला का कोल्हापूर? काहून इतका उशीर केला? मी सकाळपासून उभा राहून राहिलो." त्यानं हात पुढं केला. मी त्याच्या समोर होतो आणि हात माझ्या खांद्याच्या बाजूला, हवेत थांबला.

मला कुणी सांगितलं नव्हतं. काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले, त्याला बारा वर्षं झाली. मी तो हात धरला आणि मनात घोकून आणलेलं सगळं भांडण गिळलं. आंधळ्या माणसाशी जुनी पेनल्टी काढून भांडायचं तरी कसं?

वहिनींनी पोहे आणि खोव्याची जलेबी पुढं केली. ही जलेबी आपल्या जिलबीसारखी पिवळी कुरकुरीत नसते, खव्याची, काळसर आणि मऊ असते. एक खाल्ली की मी पुरे म्हणतो आणि तिसरीनंतर खरंच पुरे होतं. जेवणात गक्कड-भरता होता. गक्कड म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले. भरतं अगदी सात्त्विक होतं. माझ्या पिशवीतली कांदालसूण चटणी मी ताटात काढली तेव्हा विन्नू वासानंच म्हणाला, "अच्छा, ती डबी अजून घेऊन फिरतो."

संध्याकाळी तो मला मैदानावर घेऊन गेला. घेऊन गेला असंच म्हणायला हवं, कारण वळणं तोच सांगत होता, मी फक्त खड्डे सांगत होतो. मैदानात सात-आठ मुलंमुली खेळत होती. त्यांच्या चेंडूत घुंगरं असतात, आवाजावरून तो कुठं आहे ते कळतं. चेंडूवर जाणारा ओरडून आपण येतोय असं सांगतो, म्हणजे टक्कर होत नाही. गोलकीपर तेवढा डोळस. आणि गोलाच्या मागं एक माणूस उभा असतो, तो मारणाऱ्याला दिशा सांगतो. खेळ चालू असताना बघणाऱ्यांनी गप्प बसायचं. कोल्हापूरच्या मैदानात हा नियम लावला तर दंगल होईल.

कडेला एक बाई मुलीचा हात घट्ट धरून उभी होती. शहपुऱ्याजवळच्या खेड्यातून आली होती. मुलगी बारा-तेरा वर्षांची, जन्मापासून न दिसणारी. रविवारी क्लबाची गाडी मुलांना घेऊन येते, तिच्यात हिला बसवायचं की नाही हे ती माउली उद्याचा सामना बघून ठरवणार होती. तिनं विन्नूला एकच विचारलं. "गिरेगी तो?"

"गिरेगी तो उठेगी, दीदी," विन्नू म्हणाला. "मैं भी रोज गिरता हूँ."

बाईला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मुलीचा हातही तिनं सोडला नाही.

परतताना विन्नूनं मला बोलावल्याचं खरं कारण सांगितलं. सामन्याचा पहिला भाग माजी खेळाडू नेहमीसारखा खेळणार, दुसऱ्या भागात गोलकीपर सोडून सगळ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि मुलांबरोबर घुंगरांच्या चेंडूनं खेळायचं. समोरच्या गोलात बबलू असणार, आमच्याच क्लबाचा एके काळचा गोलकीपर, माझ्या नंतरचा. "गोलामागून सांगणारा हिंदीत सांगतो, बबलूला पण सगळं समजते. तू मराठीत सांग. डावे, उजवे. पहिल्यासारखं."

मी चालता चालता थांबलो. पहिल्यासारखं म्हणताना त्याच्या आवाजात काही वावगं नव्हतं. तो सामना त्याच्या लक्षात होता की नव्हता, कोण जाणे. मी हो म्हणालो आणि रस्ताभर डावे-उजवे, डावे-उजवे घोकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला बुटांची रांगच लागली होती. मुलं एकेक जोडी हातात घेऊन तळव्याला लावून बघत होती. आमच्या पिढीचे लोक एकमेकांच्या पोटांवर बोलत पट्ट्या बांधत, तेल-मलम चोळत बसले होते. पहिला भाग जेमतेम अर्धा तास चालला आणि दोघे जण पायात गोळे आले म्हणून बाहेर गेले. एकही गोल झाला नाही. त्याचं श्रेय कुठल्याच बचावाला देता येणार नाही.

दुसऱ्या भागात डोळ्यांवर पट्ट्या चढल्या आणि मग खरी गंमत झाली. आंधळ्या कोशिंबिरीत होतं तसं आमचे म्हातारे हात पसरून एकमेकांनाच धरू लागले. एकानं पंचाला मिठी मारली. मुलं मात्र त्यांच्यातून सहज निघून जात होती. घुंगरांचा आवाज, पावलं, आणि "आता हूँ, आता हूँ" एवढंच ऐकू येत होतं. भाजलेले शेंगदाणे विकणारासुद्धा टोपली खाली ठेवून गप्प उभा होता.

मग विन्नू पडला. चांगला आपटला, कोपर सोलवटलं. शहपुऱ्याच्या बाईनं तोंडावर पदर धरला. त्यानं जमीन चाचपली, चेंडू कुठल्या बाजूला गेला ते ऐकलं आणि उठून धावला. मी बाईकडं बघत होतो. तिच्या मुलीनं मान वळवून काय झालं असं विचारलं, आणि आई तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होती.

सामना संपता संपता आमच्या संघाला पेनल्टी मिळाली. मारायला विन्नू पुढं आला. मी गोलाच्या मागं गेलो. रीतीप्रमाणं आधी एक खांब काठीनं वाजवला, मग दुसरा, म्हणजे त्याला गोल कुठून कुठवर आहे ते कळावं. सगळं मैदान चिडीचूप. बबलू लबाड होता, विन्नूच्या डाव्या हाताला सरकून उभा होता. म्हणजे उजवी बाजू उघडी. मला एवढंच म्हणायचं होतं, उजवे. कालपासून घोकलेला शब्द. विन्नूनं दोन पावलं मागं घेतली. त्याचा तो चेहरा, तीच ढब आणि तीच शांतता. माझ्या तोंडातून निघालं, "दाएँ!"

पस्तीस वर्षं ज्या शब्दावर मी चिडून होतो, तोच. बबलूनंही तो ऐकला आणि स्वतःला त्या बाजूला झोकून दिलं. विन्नूनं चेंडू डावीकडं मारला. मोकळ्या कोपऱ्यातून तो आत गेला आणि माझ्यासमोरच्या जाळीत घुंगरं वाजली.

लोकांनी इतका वेळ दाबून ठेवलेला आवाज एकदम सोडला. विन्नू जागीच उभा होता. मी धावत त्याच्याजवळ गेलो. "गेला का?" त्यानं विचारलं. मी गेला म्हणालो. तो हसला. "तू डावे म्हणाला, मी डावीकडे हाणला. बबलूला काही समजलंच नाही."

मला गप्प बसता आलं असतं. पण याच एका गोष्टीवर मी आयुष्यभर त्याच्यावर रुसलो होतो, तिथं खोटं बोलायला जीभ रेटेना. मी सांगितलं, "विन्नू, मी दाएँ म्हणालो. चुकून हिंदी निघाली."

तो हसायचा थांबला. "नाही. मी डावे ऐकलं."

"बबलूला विचार."

त्यानं विचारलं नाही. तो हळूच मैदानात खाली बसला आणि मला हाताला धरून बसवलं. आजूबाजूला लोक नाचत होते, कुणी त्याच्या पाठीवर थापा मारत होतं, त्याचं लक्ष नव्हतं. मग तो म्हणाला, "तू माझ्याशी मराठीच बोलशील हे डोक्यात पक्कं होतं, म्हणून मला तेच ऐकू आलं. म्हणजे तेव्हा तू खरं बोलून राहिला होता. मी सगळ्यांसमोर तुला झूठा म्हटलं रे."

हे वाक्य ऐकलं की काय काय बोलायचं ते मी पस्तीस वर्षं ठरवत आलो होतो. त्याऐवजी मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्याला दिसत नाही, लपवायची गरजच नव्हती हे नंतर लक्षात आलं, आणि मग मला रडता रडता हसू आलं. तोही हसला, कशाला ते न विचारता.

आम्ही उठलो तेव्हा शहपुऱ्याची मुलगी चेंडूजवळ बसून तो कानाशी हलवत होती. तिची आई बुटांच्या रांगेपाशी मापाचे बूट शोधत होती. मी आणलेली जोडी तिनं उचलून पाहिली आणि परत ठेवली, फार मोठी होती. दुसरी एक बसली. रविवारची गाडी किती वाजता येते, असं ती वहिनींना विचारत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "दाएँ बैठिए बाबूजी, दूसरी तरफ धूप आएगी." मी मान डोलावली आणि सरळ जाऊन डावीकडं बसलो. तिलवारा येईपर्यंत तोंडावर ऊन यायला लागलं, फाल्गुनातलं, चटके देणारं. उजवीकडच्या सगळ्या जागा तोवर भरल्या होत्या. मी फोन काढून विन्नूला लावला. त्याला मी आपणहून फोन करायची गेल्या पस्तीस वर्षांतली ती पहिली वेळ. पुन्हा तेच झालं म्हणून सांगितलं. तो पोट धरून हसला, मग त्यानं विचारलं, पूल आला का? मी आला म्हणालो.

"मग बसून राहा तिथंच," विन्नू म्हणाला. "सकाळी डावीकडूनच पाण्यावर ऊन दिसते. चांगलं पाहून घे, आणि मला सांग."

बस गप्प झाली. मी फोन कानाशी धरला आणि त्याला सांगू लागलो.