वाळ्याच्या तेलाचा अपमान

मंडळी, एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. आज माझ्या वाळ्याच्या तेलाचा घोर अपमान झाला.

धाकटा भाऊ कुरकुंभच्या केमिकल कंपनीतली पाळी संपवून दौंडला माझ्याकडे आला. मी नवी बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरली.

"दादा, नुसतं पाणी हाय. तुम्हाला गंडवलंय कुणीतरी."

पारिजातकापायी कृष्णाने इंद्राशी युद्ध केलं, हे मी त्याला पुराणाच्या आधारे सुनावलं. मग गंमत म्हणून डोळे मिटायला लावले आणि स्वयंपाकघरातली हिंगाची डबी पुढे केली.

"आता सांग, कसला वास?"

"गुलाब असंल."

मला हसू आलं नाही. वास कधीपासून येत नाही, म्हणून विचारलं.

"दिवाळीपास्नं. कंपनीत बोलू नका, दादा. घरी बसवतील."

गॅस गळला तर आधी नाकाला कळतं, हे त्यानेच मला एकदा ऐटीत सांगितलं होतं.

माझ्या कपाटात सुगंधोपचाराची सात पुस्तकं आणि वीस बाटल्या आहेत. त्यातलं काहीही त्याच्या उपयोगाचं नाही, एवढं मला कळतं. उद्या सकाळी तो पुन्हा पाळीवर जाईल. कळवलं तर त्याची नोकरी जाईल आणि नाही कळवलं तर मी दिवसभर फोनकडे बघत बसेन. तुम्ही काय केलं असतं? मला भीती वाटते आहे.